गुडघाभर पाणी

ही घटना विसरून जावी असं मला फार वाटतं, पण ती काही डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शहापूर-मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. ठाणं कोणतं आणि गाव कोणतं, ते सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

डिसेंबरातला रविवार. दुपारी तीनच्या सुमारास गावचा पोलीस पाटील मोटारसायकलवरून आला. तळ्यात पाच वर्षांचा मुलगा बुडून मेला होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि मी दोन शिपाई घेऊन जीपने निघालो.

कुटुंब शेतकरी. घरात म्हातारा आणि त्याचे दोन मुलगे. थोरला कल्याणकडे कारखान्यात नोकरीला. बायको आणि दोन मुलं घेऊन तिकडेच राहायचा. धाकटा बापाबरोबर भातशेती बघायचा. त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भात झोडून झालं होतं, थोरला चार दिवस रजेवर आला होता, म्हणून सगळ्यांनी मिळून तळ्यावर जायचं ठरवलं. पोरांना गावचं तळं दाखवायचं, तिथेच जेवायचं, एवढीच हौस. मी पोहोचलो तेव्हा तीन दगडांची चूल विझली होती, भाकऱ्या फडक्यात तशाच होत्या आणि आई पोराचे ओले केस पदराने पुसत होती. आम्ही जाऊन उभे राहिलो तरी पुसतच होती. माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची.

मला सांगितलं गेलं ते असं. धाकट्या सुनेने, म्हणजे पोरांच्या काकूने, दोघांना पाण्यात नेलं. तीन वर्षांची मुलगी तिच्या कडेवर, मुलगा तिचं बोट धरून. मुलाने बोट सोडलं, दोन पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. ती किंचाळत त्याच्या मागे गेली तर तीच गळ्यापर्यंत आत गेली. थोरल्याने धावत येऊन पोराला वर काढलं, पण उशीर झाला होता. म्हातारा म्हणाला, "मी झाडाखाली आडवा झालेलो सायब. मना काय दिसला नाय."

मंगळवारी सकाळी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर माझा नेहमीचा खबऱ्या भेटला. चहाचा ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाला, "सायब, तो अपघात नाय. तिला मूल नाय ना, जावेचा भरला घर बघवला नाय तिला. पोरगी बरी कडेवर ठेवली नि पोरगा सोडला!"

"तू होतास तिथे?"

"मी नाय. पन गाव बोलतो."

गाव बोलतो! त्याच वेळी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण मी पडलो पोलीस. संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की बाहेर निघत नाही. त्यात मेलेल्या मुलाची आईही जावेकडे बघत नव्हती. धाकट्या मुलीने काकूकडे हात पसरले की ती तिला मागे ओढून घ्यायची. हे मी रविवारी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी धाकट्या सुनेला ठाण्यात बोलावलं.

दोन दिवस तिची चौकशी केली. सूर्यास्ताच्या आत घरी सोडायचो, सकाळी पुन्हा बोलवायचो. बाईमाणूस एकटं नको, घरचं कुणी वडीलधारं समोर असावं, म्हणून तिच्या सासऱ्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. महिला शिपाईही हजर. म्हणजे माझ्या मते सगळं अगदी रीतसर चाललं होतं.

"पोराला पाण्यात कोणी नेलं?"

"मीच नेला." डोक्यावर पदर, नजर खाली.

"तिथे खोल आहे हे ठाऊक होतं?"

उत्तर नाही.

"ठाऊक नव्हतं, तर दोन-दोन पोरं घेऊन गेलीस कशाच्या भरवशावर?"

सुरुवातीला मी तिला 'तुम्ही' म्हणत होतो, तासाभरात 'तू'वर आलो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खरं बोलणारा माणूस गप्प कशाला बसेल, असं माझं तेव्हाचं शहाणपण. खुनाचा गुन्हा दाखल करायचा, असं मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

बुधवारी दुपारी महिला शिपाई माझ्यामागे व्हरांड्यात आली. ती त्याच भागातल्या शेतकऱ्याची मुलगी. "साहेब, रागावणार नसाल तर बोलू? सासरा समोर बसलाय. आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नाय. तुमी दोन दिवस भिंतीला विचारताय. म्हाताऱ्याला चहाला पाठवा, आणि तुमीपन जरा बाहेर थांबा."

मला राग आलाच. पण थांबलो. दाराआड उभा राहून ऐकलं.

बराच वेळ नुसतं रडणं. मग ती सासऱ्याबद्दल म्हणाली, "मामा बोलले, जा गो, ने पोरांना. गुडघ्याच्या वर पानी नाय तिथं. आमी लहानपनी तिथंच खेललो."

"मग हे सांगितलं का नाहीस, बाय?"

"कसा सांगू? पोर तर गेला. तुमच्या शब्दानं गेला, असा म्हाताऱ्याला सांगू? तो पन जाईल. मना काय, सात वरसं लोक बोलतातच."

मी आत जाऊ शकलो नाही. त्या संध्याकाळी तिला घरी सोडलं, पण घरात तिला कुणी, नवऱ्यानेसुद्धा, घेतलं नाही. भाऊ येऊन तिला माहेरी, सापगावच्या बाजूला घेऊन गेला.

नुसत्या तिच्या शब्दावर तपास थांबवता येत नव्हता. गुरुवारी सकाळी दोन पंच, पोलीस पाटील आणि पलीकडच्या वाडीतला मासे धरणारा एक माणूस, असे आम्ही तळ्यावर गेलो. तो माणूस हातात बांबू घेऊन पाण्यात उतरला. पहिली दहा-बारा पावलं पाणी गुडघ्याएवढंच. म्हातारा खोटं बोलला नव्हता. पुढच्या पावलाला बांबू सरळ आत गेला, त्या माणसाच्या गळ्याइतका खोल.

"ह्यो खड्डा हाय," तो पाण्यातूनच म्हणाला. "उन्हाल्यात तला सुकला तवा गाववाल्यांनी माती नेली."

आमच्याकडे ही रीतच. मे महिन्यात तळं आटलं की त्यातली माती शेताला, अंगणाला, घराच्या जोत्याला न्यायची. कुणी कुणाला विचारत नाही. ट्रॅक्टरवाला जिथे ट्रॅक्टर सहज उतरेल तिथे, म्हणजे काठाजवळच खणतो.

मी पोलीस पाटलाला विचारलं, "या कडेची माती कोणी नेली?"

त्याने मान खाली घातली. "त्यांच्याच घराच्या जोत्याला गेली, सायब. म्हाताऱ्यानंच ट्रॅक्टर सांगितलेला."

म्हाताऱ्याला मी ठाण्यात बोलावलं नाही, त्याच्या घरी गेलो. तो नव्या घराच्या जोत्यावर बसला होता. भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "बघून आलाव ना?"

"ट्रॅक्टरवाल्याने कुठे खणलं, ते पाहिलं नव्हतं का?"

"नाय हो. माती चांगली आली, एवढाच बघितला. माझ्या पायाला तला ठाऊक, असा मना वाटला. पोर खाली गेला तवाच समजला, ह्यो आपलाच खड्डा."

"आणि सुनेला दोन दिवस तुमच्या डोळ्यांदेखत बसवली, तेव्हा?"

त्याने जोत्यावरची माती बोटाने खरवडली. "तोंड उघडलाच नाय सायब. सकाली ठरवून यायचो, आज सांगायचा. तुमी तिच्यावर ओरडायला लागलात की जीभच वलायची नाय."

जबाब लिहून झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. मी अंगणात उभा राहून मोठ्याने वाचला. सगळं घर ऐकत होतं. थोरला मुलगा मधेच उठून बाहेर गेला. मेलेल्या मुलाच्या आईने मुलीला मांडीवर आणखी जवळ ओढून घेतलं. म्हाताऱ्याने अंगठा उठवला आणि मला म्हणाला, "मना सुनेकडं नेता का?"

मी त्याला जीपमध्ये घातलं. सुतकात होता, म्हणून तिच्या माहेरी ओटीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. ती दारात आली आणि सवयीने पदर पुढे ओढला. म्हाताऱ्याने सुनेला हात जोडले. "मी सगला सांगितला गो. चल घरी."

सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "येते मामा. पन पोरगी माझ्या कडेवर देतील का?"

म्हातारा रडायला लागला. मी जीपकडे निघून आलो.

अपघाती मृत्यू, असा अहवाल पाठवून मी कागद बंद केले. खड्डा गाववाल्यांनी दगड टाकून बुजवला. ती सासरी परत आली. थोरली जाऊ मुलीला घेऊन कल्याणला गेली ती पुढची कित्येक वर्षं गावाकडे फिरकली नाही, असं नंतर कानावर आलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही बाईचा जबाब घरच्या माणसांसमोर घेतला नाही. नवीन पोरं भरती झाली की त्यांनाही बजावायचो, गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. तो कुणाला तरी सांभाळत असेल. ते सगळे मला मानतात, तपासातला जाणकार म्हणतात.

पण त्या दोन दिवसांबद्दल मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. त्या अंगणात म्हातारा हात जोडून उभा असताना मीही तिथंच होतो. चुकलं माझं, एवढं म्हणायला काय लागत होतं? तेव्हा वाटलं, वर्दीत आहोत, कसं बोलायचं. वर्दी उतरून आता बरीच वर्षं झाली. तिचं गाव मला ठाऊक आहे, थेट एसटी जाते. अजून गेलो नाही.