बिराप्पाचा बोलणारा कॉम्प्युटर

बिराप्पा गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, सवितानं, पुण्याहून फोन करून सांगितलं. तिचा फोन ठेवतोय तोच आमच्या निवृत्त प्राचार्यांचा आला. शोकसभा ठेवलीय, तुम्ही त्यांचे जवळचे, दोन शब्द बोला म्हणाले. मी गेलो, पण बोललो नाही. प्राचार्य मात्र भरपूर बोलले. बिराप्पानं अंधत्वावर कशी मात केली, कॉलेजनं त्याला पावलोपावली कशी साथ दिली... ऐकताना बिराप्पा शेजारच्या खुर्चीत बसलाय आणि नाकातून तो त्याचा ठेवणीतला फुस्स आवाज काढतोय असं वाटत राहिलं. तिथं जे बोललो नाही ते आता लिहितोय.

मादन हिप्परग्याच्या मेंढरंवाल्या घरातला हा मुलगा. देवीच्या साथीत लहानपणीच डोळे गेले. गुलबर्ग्याला राहून शिकला आणि सीमेवरच्या आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागला. मी मराठीचा, आमचं टेबल एक होतं. भिडस्तपणा त्याला माहीत नव्हता. दया दाखवणारा माणूस दिसत नाही पण त्याचा वास येतो, असं तो म्हणायचा, आणि असा माणूस आला की तोंड फिरवून बसायचा. त्याला सगळ्यात जास्त चीड होती ती दुसऱ्याकडून वाचून घेण्याची. घरी आलेली पत्रं मेव्हणा वाचायचा आणि स्वतःला न पटणाऱ्या ओळी गाळायचा. कॉलेजातली पत्रकं शिपाई वाचायचा आणि मध्येच चहा आणायला निघून जायचा. "वाचणारा मालक होऊन बसतोय, दिगंबरा," तो म्हणायचा. "मी कामून ह्यांच्या तोंडाकडं कान लावून बसू?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हैदराबादेत एका संस्थेनं अंधांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग घेतला. तिथून परतताना त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक कार्ड होतं. कॉम्प्युटरच्या पोटातल्या लांब खाचेत ते बसवलं की मशीन बोलायचं. कॉलेजात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, त्यात ते बसलं. आवाज सर्दी झालेल्या माणसाचा, भाषा इंग्रजी. बिराप्पा त्याला 'सायब' म्हणायचा. पुढं पुढं त्यानं सायबाचा वेग इतका वाढवला की आम्हाला नुसती घरघर ऐकू यायची आणि तो मात्र त्यातून स्वतःची चूक पकडून स्वतः दुरुस्त करायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तेही ऐकायचा. पहिल्यांदा स्वतः लिहिलेलं पान कुणाच्या मदतीशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, त्या दिवशी तो कुणावरही चिडला नाही. एवढ्या वर्षांत असं मी एकदाच पाहिलं.

मग काही वर्षांनी आमदार निधीतून नवे कॉम्प्युटर आले. फीत कापली, हार घातले, पेढे वाटले. जुनी मशीनं भंगारात दिली. बिराप्पाला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला, हात पुढं केला आणि थबकला. कीबोर्ड वेगळा होता. बटण दाबलं. मशीन सुरू झालं, आतला पंखा ऐकू आला, पण सायब बोलेना.

प्राचार्य हसत आले. "सर, एकदम नवीन आहे. इंटरनेटसुद्धा आहे."

"हे बोलतंय का?"

"स्पीकर आहेत की. गाणी ऐका निवांत."

बिराप्पा उठला. माझं मनगट धरून म्हणाला, "चल भंगारवाल्याकडं." ढिगात हात घालून त्यानं झाकणावरच्या चिरेवरून आपलं मशीन ओळखलं. भंगारवाला उर्दूत म्हणाला, सर, आपका है तो ले जाओ. आम्ही ते रिक्षात घालून परत आणलं. आता नव्या मशीनमध्ये नुसतं कार्ड बसवायचं, असं मला वाटलं. पण कॉम्प्युटरवाल्यानं नवं मशीन उघडून दाखवलं, तर त्यात ती खाचच नव्हती. कंपन्यांनी ती ठेवणं बंद केलं होतं. जुन्या वस्तूला नव्यात जागा न ठेवण्याला प्रगती म्हणतात, एवढं मला त्या दिवशी कळलं. जुनं मशीन बिराप्पानं घरी नेऊन कॉटशेजारी ठेवलं आणि कॉलेजचं सगळं काम तो घरून करायला लागला.

सहामाही परीक्षेला त्यानं प्रश्नपत्रिका नेहमीसारखी फ्लॉपीवर करून ऑफिसात दिली. नव्या मशीनना फ्लॉपीची सोयही नव्हती. ऑफिसनं ना छापली, ना कळवलं. परीक्षेच्या सकाळी मुलं वर्गात बसली तेव्हा ते उघड झालं. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "काळाबरोबर बदलायला नको का सर? तुमच्यामुळं मुलांचं नुकसान व्हायलंय. पुढच्या वर्षी तुमच्या तासांचा विचारच करावा लागेल." नोकरीवर घसरले होते ते, आणि स्टाफरूममधले आम्ही विद्वान टेबलाकडं बघत होतो.

बिराप्पानं काठी उचलली. "तुमचं मशीन आंधळं हाय, तेला मी काय करू," म्हणाला आणि वर्गात गेला. टेबलाला टेकून त्यानं सगळी प्रश्नपत्रिका तोंडी सांगितली. आधी इंग्रजीतून, मग कन्नडमधून, मग आमच्या मराठी पोरांसाठी मराठीतून. कुठं अडला नाही. मुलं लिहून घेत होती आणि प्राचार्य दारात उभे होते. सांगून झाल्यावर तो त्यांच्या बाजूला वळला. "तुम्हाला बी उतरून घ्यायचंय का?"

त्याच्या तासांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. निवृत्तीपर्यंत त्यानं रुबाबात शिकवलं. फ्लॉपीही तो ऑफिसात देतच राहिला, आणि फक्त तेवढ्यासाठी ऑफिसला बाहेरून जोडायचं, फ्लॉपी चालवणारं यंत्र विकत आणावं लागलं.

आमची शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. सविता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तिनं वडिलांसाठी बोलणारा लॅपटॉप आणला होता आणि जुन्या मशीनमधलं त्याचं सगळं लिखाण त्यात उतरवलं होतं. लॅपटॉपमधून एका बाईचा गोड आवाज आला.

"ही बातम्या द्यायलीय का?" बिराप्पा म्हणाला.

"वेग वाढवता येतो अप्पा."

तिनं वाढवला. त्याच्या वेगाला पोचण्याआधीच बाईचे शब्द एकमेकांत मिसळायला लागले. त्यानं हातानं बस म्हणून खूण केली. मग, पोरीला वाईट वाटू नये म्हणून असावं, म्हणाला, "माझं सगळं उघडतंय न्हवं त्यात? मग ठेव." बोलायचं ते तो सायबाशीच बोलत राहिला. कार्ड अधूनमधून हलायचं, आवाज तुटायचा. तेव्हा तो मशीनच्या पाठीवर थाप मारून वाट बघायचा. आमच्यापैकी कुणासाठी त्यानं इतका धीर धरल्याचं मला आठवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्या घराचा एक नियम होता. दारात आल्याबरोबर नाव सांगायचं. 'ओळखा पाहू मी कोण' म्हणणाऱ्यांना बिराप्पा पाणीसुद्धा विचारत नसे. मी सवयीनं दारातून म्हणालो, "दिगंबर आलोय." बिराप्पाच्या पत्नी कलावतीवहिनी आतून म्हणाल्या, "या भावजी." मशीनवर धुतलेला टॉवेल घातला होता. आम्ही बसलो होतो तेवढ्यात प्राचार्य आले. दारात उभं राहून त्यांनी चेहरा दुःखी केला, हात जोडले आणि कुणीतरी या म्हणायची वाट बघत राहिले. समोरच बसलेल्या वहिनींना ते स्वच्छ दिसत होते. त्यांनी पदर सारखा केला.

"कोण हाय?" वहिनी म्हणाल्या. "नाव सांगा."