बोअरशेजारची विहीर

भात झालं की भेंडी. आमच्या शेणवे गावाकडे आता हेच चालतं. भातावर घरचं पोट भरतं, भेंडीवर बाकी सगळं. म्हणून माझ्या दिराने मळ्यात बोअर मारली, गावच्या विहिरीला अगदी लागून. पाणी लागलं तेव्हा नारळ फोडला, सगळ्या आळीने खोबरं खाल्लं.

होळी सरली आणि विहीर आटली. टँकर यायला लागला. आमच्याकडे टँकर विहिरीतच रिकामा करतात, म्हणजे हंड्यांवरून भांडणं होत नाहीत. तानसा धरणाचं पाणी मुंबईला आणि आम्हाला टँकर, त्याचं आता कुणाला नवलही वाटत नाही. पण टँकर गेला की पाणी बघता बघता खाली जायचं. बायका म्हणायच्या, विहीर फुटकी आहे. फुटकी कसली डोंबलाची! बोअर चालू झाली की पाणी उतरायचं, बंद झाली की थांबायचं.

मी दिराला तोंडावर म्हटलं, "भाऊजी, टँकरचं पाणी तुमची भेंडी पिते नि आमी चिखल."

"आता पाणी तोडलं तर सगळं गेलं, वहिनी. मग खायाचं काय, तुमीच सांगा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता.

धाकटी जाऊ, म्हणजे त्याची बायको, यात कधी तोंड घालायची नाही. पहाटे भेंडी तोडायची आणि मग विहिरीत उतरायची. तळाचं पाणी तांब्याने हंड्यात भरायला कुणीतरी खाली लागायचंच, आणि ही अंगाने हलकी. त्या दुपारीही तिने हंडे भरून दिले, मी वरून ओढले. शेजारी बोअर चालू होती. दगडाच्या खाचेत पाय रोवून ती वर येत होती, तो पाय निसटला. खाली पाणी असतं तर नुसती भिजली असती.

दिराने धावत जाऊन आधी बोअर बंद केली. का, कुणास ठाऊक! जीपमधून तिला शहापूरला नेलं. कंबर मोडली होती. पुन्हा उभी राहील का, डॉक्टर काही बोलेनात. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, माझा हात धरला. मला वाटलं, पोरांना विचारेल.

"जाऊबाय, भेंडी तोडली का? जून होईल."

मला रडूच फुटलं. दीर तिच्याजवळ थांबला आणि मी गावी परतले. टँकर नुकताच रिकामा झाला होता. विहिरीवरच्या बायकांनी तिची चौकशी केली. मळ्यात भेंडीने माना टाकल्या होत्या, ती सगळ्यांनाच दिसत होती. घाईघाईने त्यांनी मिळतील तेवढे हंडे भरून घेतले. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली,

"चालू कर गो बोअर. आता तिचं औषध बी भेंडीवरच."

मी बटण दाबलं.