कस्टम्समध्ये अडकलेला सोऱ्या

परदेशातून माल मागवण्यातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा दांडगा समज होता. कंपनीच्या खरेदी विभागात जन्म गेला, बदली होऊन कलकत्त्याला आलो तो त्याच खुर्चीवर. जर्मन पंप म्हणू नका, जपानी बेअरिंगं म्हणू नका, सगळं मी कस्टम्समधून सोडवून आणलेलं. त्यामुळे न्यू जर्सीहून मेव्हणीचा फोन आला, "भाऊजी, आईचा सोऱ्या ताईला पाठवतेय, कागदावर काय लिहू?" तेव्हा मी सोफ्यावरच ताठ बसलो.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा चकल्यांचा पितळी सोऱ्या धाकटीनं नेला होता. आता तिचं मनगट दुखतं, म्हणून यंदाच्या दिवाळीला तो बायकोकडे यायचा होता. बायकोला दुसरं काही नको होतं. आईच्या सोऱ्यातून पडलेली चकली तिला पुन्हा एकदा बघायची होती. बालीगंजच्या गिरणीवाल्याला चारचारदा समजावून भाजणीसुद्धा दळून आणली होती.

"किचनचं सामान, असं लिहिते," मेव्हणी म्हणाली.

"छे! मोघम लिहिलं की त्यांना संशय येतो. नेमकं लिही. हातानं चालवायचं पितळी एक्स्ट्रूजन मशीन."

"आणि किंमत?"

"आईची वस्तू आहे, हात आखडू नकोस. हरवलं तर भरपाई मिळाली पाहिजे."

पार्सल कलकत्त्याला पोचलं आणि पाठोपाठ नोटीस. यंत्राचा तांत्रिक तपशील द्या, उत्पादकाचं पत्र द्या, यंत्रातून कोणता माल निघतो ते कळवा. वर लावलेली ड्युटी अशी, की तेवढ्यात इमारतीतल्या प्रत्येक घरी एकेक सोऱ्या वाटता आला असता. नाहीतर पार्सल परत अमेरिकेला.

बायकोनं नोटीस वाचली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही ते पंप आणायचात ना, तेव्हा कंपनीचं दिवाळं कसं नाही निघालं?"

आम्ही दोघं कस्टम्सच्या कचेरीत हजर झालो. टेबलावर उघडलेल्या पार्सलात सोऱ्या पडला होता. सुती साडीतल्या अधिकारी मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला. "दादा, इस मशीन से निकलता क्या है?"

"चकली."

"वो क्या?"

मी बोटानं हवेत वेटोळी काढली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उत्साहानं म्हणाले, "स्प्रिंग!"

"हां, खाने का स्प्रिंग," मी म्हणालो आणि प्रकरण आणखी बिघडवलं.

"आपका फॅक्टरी किधर है?"

"बालीगंज. तिसरा मजला. किचन."

मॅडम हसल्या नाहीत. घरातली जुनी वस्तू असेल तर पुरावा द्या, बिल दाखवा, म्हणाल्या. आता बायकोच्या जन्माआधी घेतलेल्या सोऱ्याचं बिल कुठून आणायचं? मालाच्या वर्गवारीवर छोटंसं भाषण ठोकावं म्हणून मी घसा साफ केला, तोच कोपराला चिमटा बसला.

"तुम्ही आता एक शब्द बोलायचा नाही." मग मॅडमना, "जरा उलटा करके देखिए ना."

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, आणि मी तिची जन्मभर टिंगल केलेली. चोराला भांडं परत करायचं असेल तर पत्ता हवा ना, असा माझा ठरलेला विनोद. सोऱ्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं सासूबाईंचं नाव, लग्नाची तारीख, 'मामाकडून सप्रेम भेट' आणि खाली 'सांगली'.

मॅडमनी एकेक अक्षर लावत वाचलं. "शादी का है?"

"मेरी माँ की शादी का."

मॅडमचा अंगठा ठिपक्यांवरून फिरला. आमच्या आईच्या काशाच्या थाळ्यावरही असंच नाव आहे, त्या म्हणाल्या. भावंडांत थाळ्यावरून जुंपली, तेव्हा त्या नावानंच निकाल लावला. मग पेन उचललं आणि माझ्या 'एक्स्ट्रूजन मशीन'वर आडवी रेघ मारली. भारतात बनलेलं, घरगुती, वापरलेलं भांडं. किंमत उतरली, ड्युटी नावापुरती उरली. ती मी इतक्या रुबाबात भरली, की मोठमोठे पंप सोडवतानाही छाती एवढी फुगली नव्हती.

टॅक्सीत सोऱ्या बायकोच्या मांडीवर. मी मिशीवर ताव देत म्हटलं, "सोडवला की नाही?"

"कोणी?"

"आपण."

"बरं, आपण," ती म्हणाली. दिलदार बाई!

त्या संध्याकाळी खाली कालीपूजेचे फटाके फुटत होते आणि वर आमच्या 'फॅक्टरी'त तेल तापलं होतं. बायकोनं पीठ भरलं, सोऱ्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खरेदी विभागानं फार दिवे लावले. आता उत्पादनाला लागा."

मी दांडा फिरवला. कागदावर पहिली चकली पडली, काटेदार, एकदाही न तुटता. बायको वाकून बघतच राहिली. मग म्हणाली, "आईचीच."