मधली दोन वर्षं

मी पदवीपर्यंत पोचलो ते माझ्या थोरल्या मामांमुळे. मामा टेंभुर्णीचे, जन्मभर ट्रकवर ड्रायव्हर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. देऊळगाव राजाची शाळा संपली तेव्हा मामांनी मला केबिनमध्ये बसवून औरंगाबादच्या वसतिगृहात नेऊन सोडलं आणि पुढे त्या बाजूच्या प्रत्येक फेरीला माझा डबा पोचवला. पोलीस खात्यातली माझी एक केस तर त्यांच्याच एका वाक्यावर सुटली. मला निवृत्त होऊन आता बराच काळ झाला, तरी ती केस मनातून जात नाही.

तेव्हा मी जालना एमआयडीसीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सळईने भरलेले ट्रक गायब होण्याचे गुन्हे घडत होते. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यांना मी सांगून ठेवलं होतं की नवा ड्रायव्हर ठेवण्याआधी ठाण्याला कळवा. एका सकाळी हजेरी चालू असताना एका शेठजींचा फोन आला. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण कित्येक पिढ्या जालन्यातच गेलेल्या.

“साहेब, माणूस हाताचा बराबर हाय. ट्रायल मी स्वतः बघितली. पण मधली दोन वर्षं गाडीवर नव्हता. शेती करत होतो म्हणतो. मी विचारलं, कपाशीवर काय फवारलं? तर बिलकुल गप. जरा बघून घ्या.”

आमच्या जमादारांनी दुपारपर्यंत माहिती काढली. हा माणूस केदारखेड्याकडचा. भोकरदन रोडवर त्याच्या ट्रकखाली सळईच्या मिलमधला एक कामगार मोटारसायकलसह सापडून जागीच मेला होता. ड्रायव्हर पळून गेला, दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर झाला. कोर्टात शिक्षा झाली, ती त्याने भोगली. मधली दोन वर्षं ती.

त्याला बोलावून घेतलं. चाळिशीचा, शर्टाची सगळी बटणं लावलेला, खुर्ची दिली तरी उभाच.

“शेती किती आहे तुझी?”

“शेती न्हाई साहेब.”

जमादार हसले. “आरं, मंग जेलातली शेती केली म्हणायचं. तिथं बी वांगी लावतेत.”

तो हसला नाही. “खरं सांगून बी बघितलं, जमादार साहेब. जेल म्हणलं की लोक लायसन हातातबी घेत न्हाईत. दारातूनच वापस.”

चोरीच्या ट्रकांशी त्याचा संबंध दिसत नव्हता. तरी रीतीप्रमाणे मी अपघाताची हकिगत विचारली. त्याने सांगितली. “मी भोकरदनकडून रिकामी गाडी घेऊन येत होतो. समोरून मोटारसायकल आली. मी ब्रेक लावला. गाडी आवरली नाही. मी घाबरून निघून गेलो.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारली. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. खऱ्या आठवणीचं तसं नसतं. खरं घडलेलं सांगणारा माणूस अडखळतो, मागे जातो, मध्येच भलतीच गोष्ट सांगतो. हा धडा म्हणून दाखवत होता.

मला मामा आठवले. कॉलेजात असताना एकदा त्यांच्या केबिनमधून जाताना रस्त्यावर अपघात दिसला होता. मामा गाडी हळू करून म्हणाले होते, “माणूस गाडीखाली आलं ना, तर डोळ्याला काही दिसत न्हाई. आवाज येतो. तो आवाज मंग जात न्हाई.”

मी त्याला विचारलं, “आवाज कसा आला?”

“कशाचा साहेब?”

“धडक बसली तेव्हाचा.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग जमादारांकडे. “आवाजाचं... आवाजाचं मला कोणी सांगितलंच न्हाई साहेब.”

जमादारांचं लिहिणं थांबलं. तो खुर्चीत बसला, आणि मग सगळं बाहेर आलं. गाडी त्याच्या तेव्हाच्या मालकाचा मुलगा चालवत होता. त्याच्याकडे लायसन नव्हतं. अशा वेळी या धंद्यात ‘ड्रायव्हर हजर करायची’ एक रीत आहे. लायसनवाला कोणीतरी ठाण्यात उभा करायचा आणि काय सांगायचं ते त्याच्याकडून घोकून घ्यायचं. मालकाने त्याला सांगितलं होतं, आत जाऊन ये, बाहेर आलास की गाडी तुझीच. तो बाहेर आला तेव्हा मालक म्हणाला, शिक्षा झालेला ड्रायव्हर दिसला तर कंपनी माल देत नाही.

“मेलेल्याची बायको कोर्टाच्या दारात माझ्या तोंडावर थुंकली साहेब. मी पुसलं बी न्हाई. तिला कोणावर तरी थुंकायचं होतं.” मग हात जोडून म्हणाला, “पण हे लिहू नका. मालकाचं नाव घेतलेल्या ड्रायव्हरला जालन्यात कोण उभं करंल? मला शिक्षा माफ नको. मला गाडी पाह्यजे.”

मी जबाब लिहून घेतला. एक माणूस मेला होता. त्याच्या बायकोला खरं कळायला हवं होतं. वरिष्ठांना अहवाल गेला, फेरतपासाला कोर्टाची परवानगी मिळाली, मालकाच्या मुलाला अटक झाली. या ड्रायव्हरची शिक्षा रद्द व्हावी म्हणून वरच्या कोर्टात अर्ज गेला. कागदावर न्याय सुरू झाला. तो मात्र दारोदार फिरत राहिला.

मी स्वतः शेठजींकडे गेलो. त्यांनी मला बसवून चहा मागवला. मग म्हणाले, “साहेब, राग मानू नका. एकदा मालकासाठी खोटं बोलला, एकदा मालकाच्या विरोधात खरं बोलला. माझ्या वाट्याला यातला कोणता येईल? कोणी जुना ड्रायव्हर जामीन राहिला, तर बघू.”

नोकरीभर मी रिकाम्या वर्षांकडे संशयाने पाहिलं. तसं पाहावंच लागतं, तो आमच्या कामाचा भाग आहे. पण माणसाच्या आयुष्यात अशी रिकामी जागा दिसली की आम्ही तिथे त्याचाच गुन्हा बसवून मोकळे होतो. ती जागा दुसऱ्या कोणाची असू शकते, हे मला या माणसाने शिकवलं. आणि ती त्याची स्वतःची असली तरी पुढे काय, हे शिकायला मला घरचंच उदाहरण लागलं. शेठजींकडून परतल्यावर त्याच संध्याकाळी मी मामांना पत्र लिहिलं आणि त्या ड्रायव्हरच्याच हाती दिलं.

“ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र घेऊन येणारा माणूस ड्रायव्हर आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्यात दोन वर्षं आत होता. जुन्या ड्रायव्हरने शब्द दिला तर इथले एक शेठजी त्याला गाडी देतील. तुमचा शब्द इथे अजून चालतो. पण केवळ मी सांगतो म्हणून देऊ नका. त्याला चार दिवस ठेवून घ्या, त्याच्या शेजारी बसून बघा, मग ठरवा.

आणखी एक. मी लहान असताना तुम्हीही दोन वर्षं गाडीवर नव्हता. आई सांगायची, मामांची पाठ धरली आहे. पुढे तुम्ही मला आवाजाचं सांगितलंत, तरी मी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. आज जोडल्या. तो आवाज तुमच्याच गाडीखालचा असणार. मी काही विचारत नाही.

तुम्ही पुन्हा गाडीवर बसलात म्हणून मी कॉलेजात गेलो. तेव्हा कोणत्या तरी मालकाने तुम्हाला मधल्या दोन वर्षांचं विचारलं असेल, तुम्ही खरं सांगितलं असेल, आणि तरी त्याने चावी तुमच्या हातात दिली असेल. त्या चावीवर मी शिकलो.

आपला भाचा.”