चार सेकंदांचे काका

आमच्या नियंत्रण कक्षातल्या काकांना सगळे 'चारसेकंद' म्हणत. एकच जुना उपग्रह त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळला. सुरुवातीच्याच एका बिघाडात त्याचं घड्याळ चार सेकंद मागे पडलं होतं, आणि डोक्यावरून जाताना ठरल्या वेळी तो जेमतेम तीन सेकंद ऐकायचा. म्हणून काका प्रत्येक आज्ञेच्या वेळेत हाताने चार सेकंद मिळवत. घरी काकू म्हणायच्या, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर!"

मग एजंट आले. एजंट म्हणजे माणसं नव्हेत, सॉफ्टवेअर. एक अँटेना वाटून देतो, दुसरा उपग्रहाची प्रकृती बघतो, तिसरा आज्ञा लिहितो, आणि तिघं आपसात ठरवून मोकळे होतात. काकांच्या शेजारच्या खुर्चीतून मी हा बारभाईचा कारभार रोज बघते आणि रोज चिडते. पहिले तीन महिने एजंट नुसता सल्ला द्यायचे.

ज्या दिवशी त्यांना आज्ञा बदलण्याचा अधिकार मिळाला, त्याच दिवशी तिसऱ्याने काकांचे चार सेकंद 'मानवी चूक' म्हणून काढून टाकले. काकांनी परत घातले, त्याने परत काढले. उपग्रह सकाळी दोनदा डोक्यावरून गेला, दोन्ही फेऱ्या कोरड्या गेल्या. दुपारची तिसरी हुकली, तर जमिनीवर कोणी उरलंच नाही असं समजून उपग्रह स्वतःला कायमचा बंद करणार होता.

पडद्यावर एकच ओळ: बदलाचं कारण लिहा.

"कारण काय कप्पाळ! एकोणीस वर्षं करतोय!" काकांनी तेच टाइप केलं. उत्तर आलं: कारण अपुरं. साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "अहो, मग नीट लिहा ना."

इथंच घोडं पेंड खात होतं. मी नोंदवह्या चाळल्या. बिघाडाची नोंद होती, घड्याळाबद्दल अक्षर नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"काका, हे कुठेच का नाही लिहिलंत? एजंटांना काय स्वप्न पडणार आहे?"

काका पडद्याकडेच बघत म्हणाले, "लिहिलं असतं, तर दोनदा माणसं कमी केली तेव्हा मी राहिलो असतो का गं?"

मला कीव यायला हवी होती. आला तो रागच. फेरीला सात मिनिटं उरली होती.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. बिघाडाची तारीख, घड्याळ, चार सेकंद, सगळं एका दमात. एजंटांनी एकोणीस वर्षांचे संदेश ताडून पाहिले आणि क्षणात मान्य केलं. तिसऱ्या फेरीला उपग्रह बोलला. मी टाळ्या वाजवल्या, काकांनी नाही.

पडद्यावर नवी ओळ आली होती: दुरुस्ती कायम केली आहे. यापुढे हाताने बदल करू नये.

पुढच्या फेरीला काकांचा हात सवयीने कीबोर्डवर गेला. चारचा आकडा दाबल्यावर त्यांना आठवलं. मग त्यांनी तो स्वतःच पुसला.