एक भाषा कमी करा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याच्या बहिणीलाही नाही – आणि तिला तर मी नको ते सगळं सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? कारण आता माझा मलाच वैताग आलाय. डोकं फिरतं माझं, खरंच.

मी मुलांची डॉक्टर. इथे इंग्लंडात, रीडिंग गावच्या हॉस्पिटलमध्ये उभा जन्म गेला, आता रिटायर झालेय. आमच्या घरात ताप, खोकला, दात, शी – कशावरही शेवटचा शब्द माझा. वाईट सवय असते हो ही. सगळे माना डोलावत राहिले की वाटायला लागतं, आपण बोलतो ते खरंच असतं.

माझी सून एरिन कॅनडाची, तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांतली. तिच्या आजीला शाळेत स्वतःची ओजिब्वे भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून आजीने पुढे स्वतःच्या मुलीला ती शिकवलीच नाही. एरिन मोठेपणी, धडपडत, त्याच आजीकडून शिकत होती. माझी नात मीरा झाली आणि दर रविवारी दुपारी आयपॅडवर या पणजीबाई हजर! आता एवढ्याशा पोराशी माणूस काय बोलणार? हुकूमच सोडणार – ये, बस, खा, रडू नकोस. नमदबिन म्हणजे बस. वीसिनिन म्हणजे जेव. एखादी गोष्ट करू नको म्हणायचं तर आधी गेगो. 'आत्ता कर' हे वेगळ्या तऱ्हेने सांगायचं आणि 'नंतर, मी नसताना कर' हे वेगळ्या – एरिन मला मोठ्या कौतुकाने समजावायची, आणि मी सिंकमध्ये भांडी आदळत 'हो का' म्हणायचे.

कारण मीरा ऐकायची हो! स्क्रीनमधून त्या बाई नमदबिन म्हणाल्या की ही टुणकन खाली बसायची. आणि मी? मी तिथेच, हाडामांसाची, हातात वरणभाताची वाटी घेऊन – बस गं राणी, ये गं इकडे, हात नको लावूस – ढिम्म. ढुंकून बघायची नाही. आठवडाभर सांभाळायचं मी, आणि हुकूम चालायचा कॅनडाहून! पोटात दुखायचं माझ्या. हे असं सरळ म्हणायला किती वर्षं लागली बघा.

मीरा बोलायला उशीर करत होती. दोन वर्षांची झाली तरी मोजकेच शब्द. घरी येऊन लहान मुलांना बघून जाणारी सरकारी नर्स, हेल्थ व्हिजिटर, म्हणाली, थोडं थांबू या. मलाही तेच वाटत होतं. तिला ऐकू नीट येत होतं, समजत सगळं होतं, हसत-खिदळत होती. अशी कितीतरी मुलं मी तपासली होती, आणि त्यांच्या घाबरलेल्या आयांना मीच सांगितलं होतं – घरात दोन भाषा असोत नाहीतर तीन, त्याने मूल बोलायचं थांबत नाही, खुशाल तुमच्या भाषेत बोला. पंजाबी, पोलिश, सोमाली – सगळ्यांना सांगितलं.

एरिनला नाही सांगितलं.

किचनमध्ये उभी राहून ती रडवेली होऊन विचारत होती – आई, माझ्यामुळे होतंय का हे? आणि मी माझा तो क्लिनिकमधला आवाज काढला. म्हणाले, पोरीचा गोंधळ होतोय, एक भाषा कमी करा. कुठली, ते म्हटलं नाही. म्हणायची गरज होती का? इंग्लिश काही जाणार नव्हतं, आणि मराठीवाली सासू समोर उभी होती.

वाद तरी घालायचा ना! दुसऱ्या डॉक्टरला विचारते म्हणायचं. पण नाही – मान हलवली, वर मला थँक यू म्हणाली. त्यानंतर रविवारी मीराला आयपॅडसमोर बसवणं बंद झालं. एरिन वरच्या खोलीत जाऊन एकटीच आजीशी बोलायची. पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या.

मीरा यथावकाश भडाभडा बोलायला लागली. लागणारच होती. श्रेय सगळं मला. आणि मराठी? कसली मराठी! बस म्हटलं तर 'इन अ मिनिट, आजी'. सगळ्यांचं नुकसान केलं आणि माझ्याही पदरात काही पडलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज बोललेही नसते. पण गेल्या महिन्यात एरिनच्या मावसबहिणीचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. तिची छोटी मुलगी अजून बोलत नाहीये. ही मावसबहीण गावातल्या म्हाताऱ्यांच्या मागे लागून भाषा शिकलेली, लेकीशी घरात ओजिब्वेच बोलणारी. एरिन तिला सांगत होती की आमच्या आई पेडिअ‍ॅट्रिशियन आहेत, त्यांच्यामुळे मीरा बोलायला लागली – आणि फोन तिने माझ्या हातात दिला.

मी चार प्रश्न विचारले. मुलगी अगदी व्यवस्थित होती. तुझ्या भाषेत बोलत राहा, एवढंच म्हणायचं होतं मला. पण एरिन शेजारी बसून माझ्याकडे बघत होती, आणि हिला बोलत राहा म्हटलं की तिने विचारलंच असतं – मग मला का नाही? भित्री आहे मी. त्या मावसबहिणीलाही मी तेच सांगितलं, त्याच आवाजात – एक भाषा कमी करा.

तिने माझे खूप आभार मानले. आता ती लेकीशी फक्त इंग्लिशमध्ये बोलते – परवा एरिननेच मला खुशीत सांगितलं.