गच्चीवरचा गोल्फ
साबुदाण्याच्या पापड्या तळल्याचा वास आला की मला खांदा कॉलनीतली आमची गच्ची आठवते. रविवारी साहेबांबरोबर पहिल्यांदाच गोल्फ खेळायचं होतं आणि तिथे हसं होऊ नये म्हणून मी व्हिडिओ बघून गच्चीवर सराव करत होतो. फटका मारताना हात अंगालगत राहावेत म्हणून दोन्ही काखांत टॉवेल घट्ट धरायचा आणि चेंडू गेला तरी मान वर करायची नाही. टॉवेल तसूभर हलला नाही, मान मात्र आधीच वर गेली आणि चेंडू सरपटत थेट सासूबाईंनी प्लास्टिकवर वाळत घातलेल्या पापड्यांत घुसला. “जावईबापू, आता मान खाली घाला आणि तुकडे वेचा,” त्या शांतपणे म्हणाल्या. दुपारभर वेचत बसलो. रविवारी साहेब म्हणाले, “मान काय स्थिर ठेवता हो, कोणाकडे शिकलात?” मी नाव काही सांगितलं नाही, गच्चीवरचा क्लास मात्र अजून चालू आहे.